काट्याचा जुना डेटा अन् मेटाबेस: एका हंगामाचा अनुभव

आमच्या शेतकरी कंपनीचा वजनकाटा दारव्हा तालुक्यात आहे. 2017 पासूनची सोयाबीन-तुरीची प्रत्येक पावती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये पडून होती, पण तिचा उपयोग काय, तर वर्षाखेरीस ऑडिटला प्रिंट काढायची. अध्यक्षभाऊंचा प्रश्न साधा होता: आज गाडी कोणत्या गावी पाठवू? त्याचं उत्तर या पावत्यांतूनच काढून तक्त्यात दाखवेल असं सॉफ्टवेअर मी शोधत होते, अन् शेवटी मेटाबेसवर थांबले. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा एरवी 12 टक्क्यांच्या वर चालत नाही. ओला माल उचलला की परत आणायचं भाडं आपल्याच बोडक्यावर.

पहिल्यांदा एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. डेमो झकास, पण डेमोतला डेटा त्याचाच. आमचा लावून दाखवा म्हटलं, तर म्हणे, "ताई, तो आधी आमच्या फॉरमॅटमध्ये भरून द्या." सात वर्षांच्या पावत्या! चहा पाजला अन् वाटेला लावला.

मग मायक्रोसॉफ्टचं असंच तक्ते-आलेख काढणारं पॉवर बीआय पाहिलं. त्याचं डेस्कटॉप फुकट आहे, विंडोजवर चालतं, चित्रं देखणी. पण रिपोर्ट संचालकांना आपापल्या खात्यावर पाहायचा म्हटलं की लायसन्सचे पैसे आले. राहिलं मेटाबेस. त्याची मुक्त आवृत्ती फुकट. जावा हे त्याला लागणारं सॉफ्टवेअर टाकून मेटाबेसची एक जार फाइल चालवली, डेटाबेसचा पत्ता-पासवर्ड दिला, अन् माझी टेबलं जशीच्या तशी समोर. पासवर्ड मात्र फक्त वाचायची परवानगी असलेल्या वेगळ्या युजरचा द्या, मूळ पावतीला कोणाचा हात लागायला नको. मेटाबेसची स्वतःची सेटिंग सुरुवातीला एच-टू नावाच्या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये राहते. रोजच्या कामाला ती वापरू नका असं मेटाबेसवाल्यांचंच म्हणणं आहे, म्हणून मी तीही मायएसक्यूएलवर नेली. आमच्याकडे लाइनीचा भरवसा नाही, मधेच वीज गेली तर ती फाइल बिघडायची भीती.

चूक माझ्याकडून झाली. ऐन दिवाळीच्या तोंडावर, बाहेर ट्रॅक्टरची रांग, अन् मी चालू सर्व्हरवरच सात वर्षांचा हिशोब मागितला. मापाडी आत आला. "ताई, पावती काऊन निघून नाही रायली?" दहा मिनिटं काटा ठप्प. त्या दिवसापासून रात्री अकराला डेटाची नक्कल जुन्या पीसीवर जाते अन् मेटाबेस तिच्यावरच चालतं. कालपर्यंतचा आकडा आम्हाला पुरतो.

खरा जीव खाल्ला तो आमच्याच नोंदींनी. एकच गाव "बोरी", "बोरी खु." अन् "बोरी खुर्द" अशी तीन गावं होऊन बसलेलं. तारीख मजकूर म्हणून साठवलेली, त्यामुळे यादीत 1 नोव्हेंबर 2 ऑक्टोबरच्या आधी. मेटाबेस हे आपोआप नीट करत नाही, कोणतंच सॉफ्टवेअर करणार नाही. पंधरा दिवस मी गावांची एकच यादी बनवण्यात घालवले. ते झाल्यावर दिसलं की बरड जमिनीच्या गावांचा माल लवकर वाळतो, अन् नाल्याकाठच्या काळ्या रानाचा आठवडा-दीड आठवडा मागे असतो. म्हातारे हे सांगतच होते म्हणा; आता गावागणिक आकडा आहे.

ठरल्या वेळी रिपोर्ट ईमेल करायची सोय मेटाबेसमध्ये आहे, पण आमचे भाऊ ईमेल उघडत नाहीत. मी सकाळी साडेनऊला स्क्रीनचा फोटो वॉट्सॲपवर टाकते, अन् पंधरा मिनिटांत ड्रायव्हर चाबी मागायला येतो.