वाट्या-चेंडूंचा संच: लाकूड उत्तम, पुस्तिका उणी

वाट्यांखालचे चेंडू गायब करून पुन्हा आणण्याच्या जादूच्या खेळासाठी भाच्याकरता मागवलेला तीन लाकडी वाट्यांचा संच महिनाभर माझ्याच टेबलावर आहे, कारण त्याला देण्याआधी आपला हात थोडा बसवावा असे वाटले. वाट्या भारतीय घडणीच्या आहेत, म्हणजे पालथ्या घातल्यावर वर बोंड येते. आपले गारुडी जमिनीवर बसून हा खेळ अशाच वाट्यांनी करतात. बोंड तर्जनी आणि मधल्या बोटात धरून वाटी उचलली की उरलेली बोटे मोकळी राहतात आणि त्यांच्या वळणात दडवलेला चेंडू वाटी टेकवता टेकवता तिच्याखाली सरकवता येतो. संचात चोरकप्पा कुठेही नाही. जे करायचे ते हातानेच, आणि ही मोठी जमेची बाजू आहे.

चेंडू मात्र निकामी आहेत. गुळगुळीत प्लॅस्टिक बोटांच्या पेरांत ठरत नाही, आणि चेंडू टेबलावर टक्क वाजला की खेळ तिथेच संपतो. शेवटी चिंध्यांवर सुती दोरा गुंडाळून मी घरीच चार चेंडू केले. (चार, कारण प्रेक्षकांना तीनच ठाऊक असतात.)

खरी तक्रार सोबतच्या पुस्तिकेबद्दल आहे. इजिप्तमधील बेनी हसन येथील थडग्यातले भित्तिचित्र म्हणजे या खेळाचा पहिला पुरावा, असे ती ठामपणे सांगते. पण चित्रातली माणसे हाच खेळ खेळत आहेत की दुसरेच काही करत आहेत, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्यापेक्षा रोमन तत्त्वज्ञ सेनेका याची साक्ष भक्कम आहे: जादूगाराच्या वाट्या-खड्यांत फसण्यातच मौज असते, युक्ती कळली की गोडी जाते, असे त्याने पत्रात लिहून ठेवले आहे. 1584 मध्ये इंग्लंडच्या रेजिनाल्ड स्कॉटने असल्या युक्त्या छापून उघड केल्या, त्या त्यांत चेटूक नसते हे दाखवण्यासाठी. पुस्तिकेत त्याला जेमतेम एक ओळ मिळाली आहे.

आपल्याकडचा तर उल्लेखच नाही. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘हस्तलाघव’ आहे आणि ‘ऐंद्रजाल’ वेगळे मोजले आहे. लाघव म्हणजे हलकेपणा. फ्रेंचांचा ‘लेजे द मँ’ हा शब्दप्रयोगही अक्षरशः ‘हाताने हलका’ असाच आहे. आपल्या ‘हातचलाखी’तली चलाखी मात्र फार्सीतून आली, आणि तिच्याबरोबर थोडा लबाडीचा वासही आला.

650 रुपयांत वाट्या रास्त आहेत. भाच्याला चेंडू माझेच देणार आहे, आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हस्तलाघवाच्या दोन ओळी पेन्सिलीने लिहून ठेवल्या आहेत.