सेंद्रिय गूळ उत्तम, पण ऊस कोणी तोडला?

विलेपार्ले पूर्वेतील एका छोट्या सेंद्रिय दुकानातून मी बरीच वर्षे गूळ आणि साखर घेत आले आहे. गुळाच्या दर्जाबद्दल तक्रारीला जागा नाही. ढेप गडद तांबूस असते, हायड्रोस या रसायनाने पिवळाधमक केलेल्या गुळासारखी ती मुळीच दिसत नाही, आणि गूळपोळीचे सारण कडेपर्यंत नीट पसरते.

मात्र बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या बातम्या वाचल्यापासून मी पाकिटाची मागची बाजू आधी पाहते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. मुकादमाकडून, म्हणजे तोडणीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर असताना एक खाडा पडला तरी दंड बसतो, त्यामुळे पाळीचे चार दिवसही या बायकांना परवडत नाहीत. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातील ही साखर जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांपर्यंत पोहोचत असल्याचे दाखवले, तेव्हा कुठे शहरात बोलणे सुरू झाले. बीडची हकीकत त्याआधी पाच वर्षे आपल्यासमोर होती, याचे मला फार वाईट वाटते.

या दुकानातील साखरेच्या पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह आहे. ते सेंद्रिय उत्पादनाची ग्वाही देते. तोडणीच्या फडात कोयता कोणाच्या हाती होता आणि त्याला मजुरी किती मिळाली, याचा त्यावरून काहीच बोध होत नाही. कारखान्याचे नावही कुठे छापलेले नाही. मी विचारले तेव्हा दुकानदार म्हणाले, “ताई, गुळाचं सांगू शकतो. गुऱ्हाळवाले ओळखीचे आहेत, तोडणीला गावातलीच माणसं असतात आणि मजुरी रोजच्या रोज देतात. साखर मात्र व्यापाऱ्याकडून येते.” या स्पष्टपणाबद्दल मी त्यांचे मनापासून कौतुक करते.

अशा बातम्या वाचून साखरच सोडणारे माझ्या परिचयात आहेत, पण त्याने फडातल्या बाईची उचल फिटत नाही. खरेदीदाराने कारखान्याचे नाव आणि तोडणीची माहिती मागणे मला अधिक उपयोगाचे वाटते. या दुकानातला गूळ जरूर घ्यावा. साखर मी तूर्त तेथून घेत नाही. व्यापाऱ्याकडून कारखान्याचे नाव मिळवून देण्याचे दुकानदारांनी कबूल केले आहे, ते मिळाले की पुन्हा विचार करीन.