बोलक्या पेनाचा संच: गुहागरच्या पडवीतले चार महिने

माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीला राहतात, दोघेही आता अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांनी विदर्भातल्या एका संस्थेतून आठ वर्षांची मुलगी आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ अशी दोन भावंडे दत्तक घेतली. परदेशी राहणाऱ्या पालकांचे दत्तक प्रकरण देशादेशांतल्या दत्तकविधानासाठी झालेल्या १९९३ च्या हेग कराराच्या चौकटीत केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘कारा’मार्फत चालते. काराचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (सप्टेंबर २०२२ पूर्वी हे काम न्यायालयाकडे असे), जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा अशी पुढची कामे होईपर्यंत मुलांना दत्तकपूर्व संगोपनासाठी पालकांजवळ भारतात राहता येते. त्यामुळे मुलीने रजा काढली आणि जून ते ऑक्टोबर ती दोन्ही मुलांना घेऊन गुहागरला आमच्याकडे राहिली. जावयांना तीन आठवड्यांत परतावे लागले. न्यू जर्सीच्या शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी मुलांच्या कानावर थोडे इंग्रजी पडावे, म्हणून तिने हा बोलक्या पेनाचा संच ऑनलाइन मागवला. चार हजारांच्या आतली ही वस्तू अनेक घरांत घेतली जाते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

खोक्यात एक पेन, बारा पुस्तके, अक्षरांचा तक्ता, चार्जिंगची वायर आणि कोऱ्या स्टिकरांचे दोन कागद असतात. पुस्तकांच्या पानांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म ठिपक्यांची नक्षी छापलेली असते. पेनाच्या टोकातला इवलासा कॅमेरा ती ओळखतो आणि त्या चित्राचा आवाज आतल्या मेमरीतून वाजवतो. आवाज स्वच्छ आहे, उच्चार घाईचे नाहीत, आणि एकदा चार्ज केलेले पेन आमच्याकडे दोन-तीन दिवस सहज चालले, हे पावसाळ्यात वीज जाणाऱ्या गावात महत्त्वाचे ठरते. पुस्तकांची पाने मात्र जुलैच्या दमट हवेत फुगली आणि एका पुस्तकाची शिवण सुटली.

धाकट्याला हे पेन म्हणजे जादूच वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पडवीत झोपलेल्या मांजराच्या पाठीवर पेनाचे टोक टेकवून बराच वेळ बसून राहिला. पेन बोलेना, तेव्हा त्याने माझ्याकडे वळून विचारले, “आजी, हे मांजर बिघडलं काय?” या संचाची मर्यादा त्याने माझ्या आधी ओळखली, असे मला आता वाटते. पेन फक्त आपल्याच पुस्तकांतले बोलते आणि मूल काय बोलते ते ऐकत नाही. मोठी ‘स्पून’ला ‘इस्पून’ म्हणत राहिली आणि पेन दर वेळी आपले तेच शुद्ध ‘स्पून’ ऐकवत राहिले. तिची चूक तिला दाखवायला शेजारी माणूसच बसावे लागले.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बारा पुस्तकांत इग्लू आहे, हेलिकॉप्टर आहे, बाजारातली सुरमई, बांगडा आणि कोळंबी या सगळ्यांना मिळून एक ‘फिश’ आहे, पण घर ज्या वाक्यांवर चालते ती वाक्ये जवळजवळ नाहीत. नव्या घरी आलेल्या मुलाला सर्वांत आधी ‘माझे पोट दुखते’, ‘मला आणखी हवे’, ‘मला हे नको’, ‘मला भीती वाटते’ एवढे सांगता आले पाहिजे. ही मुले आणखी काही महिन्यांनी अशा शाळेत बसणार होती, जिथे त्यांचे मराठी एकालाही कळणार नाही, आणि तिथे हेलिकॉप्टरचा उपयोग किती होणार होता?

येथे एक विषयांतर करते, कारण मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे आणि मला ते आवरत नाही. मुले वऱ्हाडी बोलत. पहिल्याच संध्याकाळी मी नारळ खोवत असताना धाकट्याने विचारले होते, “आजी, तू काय करून राहिली?” आमच्या शेजारणी त्यावर हसल्या. पण इंग्रजीतली चालू क्रिया शिकवताना मला जाणवले की ‘मी जेवून राहिलो’ म्हणणाऱ्या मुलाला ‘आय ॲम ईटिंग’ समजवावे लागत नाही, ते त्याच्या बोलीत आधीच बसलेले असते. दोन दिवसांत तो ‘आय ॲम प्लेइंग’, ‘कॅट इज स्लीपिंग’ बिनचूक म्हणू लागला. पेनाच्या पुस्तकांत हा धडा अकराव्या पुस्तकात आहे, आम्ही तो पहिल्यांदा घेतला.

संचातली खरोखर मोलाची वस्तू म्हणजे ते कोरे स्टिकर, ज्यांच्याकडे आम्ही पहिला महिनाभर पाहिलेही नव्हते. बटण दाबून स्टिकरवर पेन टेकवायचे आणि बोलायचे, की पुढे तो स्टिकर तेच ऐकवतो. मुलीने न्हाणीघराच्या दाराला, पाण्याच्या पिंपाला, झोपाळ्याच्या पाटाला आणि औषधांच्या डब्याला स्टिकर लावून तिथे लागणारी वाक्ये स्वतःच्या आवाजात भरली. जावयांनी फोनवरून काही वाक्ये पाठवली, ती फोन पेनाजवळ धरून भरली, म्हणजे ज्या आवाजात पुढे रोज इंग्रजी ऐकायचे तो आवाज मुलांच्या ओळखीचा झाला. ऑगस्टमध्ये ताप आला तेव्हा मोठीने कोणी न सांगता आईला “माय थ्रोट हर्ट्स” म्हटले. ते वाक्य डब्यावरचे होते.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद दाखवला; पहिली एक-दोन वर्षांत जमते, दुसरीत समवयस्कांची बरोबरी करायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. दत्तक मुलांच्या घरात पहिली भाषा पुसट होण्याचा धोकाही असतो, आणि मुलीच्या घरी मराठी सुरू राहणार असल्याने तो थोडा कमी आहे. हा संच संभाषणाच्या उंबरठ्यापर्यंत नेतो, त्यापुढे नाही.

विक्रेत्याच्या ग्राहक सेवेविषयी थोडक्यात सांगते. सुटलेल्या शिवणीचे पुस्तक बदलून मिळावे म्हणून तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा ‘तुमच्या पिनकोडवर ही सुविधा नाही’ असे उत्तर मिळाले. शेवटी खळ लावून पुस्तक घरीच चिकटवले.

पाचपैकी तीन गुण देते, ते मुख्यतः कोऱ्या स्टिकरांसाठी. घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी, जी आम्हाला माहितीपत्रकात कुठेही सापडली नाही. आवाज स्टिकरमध्ये नसतो, पेनाच्या मेमरीत असतो, आणि स्टिकर हा केवळ क्रमांक असतो. निघण्याच्या आदल्या रात्री मोठीने उरलेला एक स्टिकर माझ्या गोळ्यांच्या डबीवर लावून त्यात काहीतरी हळू आवाजात भरले आणि “सकाळी ऐकजो” असे सांगितले. सकाळी गडबडीत पेन बॅगेत गेले. मी दुसरे पेन मागवून पाहिले, ते डबीवर टेकवल्यावर नुसते ‘टुक’ असे वाजते. संगणकाला जोडून आवाजाच्या फाइली आधी उतरवून ठेवायला हव्या होत्या.