पिकअपची थरथर: आधी गिअर ऑइल की प्रोपेलर शाफ्ट?

लातूरला सोयाबीन किंवा जालन्याहून मोसंबी वाहणाऱ्या पिकअपला थरथर सुटली की अनेक चालक प्रथम गिअर ऑइलवर संशय घेतात. ते तपासणे स्वस्त आहे: गाडी सपाट जागी उभी करून गिअरबॉक्सच्या बाजूचा लेव्हल बोल्ट काढावा, ऑइल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावे आणि त्यात धातूचा चुरा दिसू नये. मात्र मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी झाल्यास सहसा घरघर होते व गिअर जड पडतात. ऑटोमॅटिक गाडीत जुने फ्लुइड टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सला द्रवाद्वारे जोडणारा भाग) क्लचला थरथर आणू शकते, पण आपल्याकडील मालवाहू पिकअपमध्ये तो प्रकार विरळाच.

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा. त्याची तपासणी अधिक मेहनतीची, तरीही माझा कौल तिलाच आहे. भरलेली गाडी उठताना थरथर येऊन पुढे शमत असेल, तर क्लच प्लेट किंवा सेंटर बेअरिंग (शाफ्टला मध्यभागी आधार देणारे) पाहावे. ती वेगाबरोबर वाढत असेल आणि क्लच दाबूनही कायम राहत असेल, तर क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) ढिलेपणा, शाफ्टचा बाक आणि चाकांचा तोल तपासावा. (काळ्या मातीचा चिखल शाफ्टवर किंवा रिममध्ये वाळून बसला, तरी तोल बिघडतो, पावसाळ्यात आधी गाडी खालून धुवावी.) क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्याने पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबून शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून रिकाम्या गाडीची चाचणीही आवश्यक आहे.

दोन्ही तपासण्या एकाच ठिकाणी जुळतात: गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून गळणारे ऑइल क्लच प्लेटवर गेल्यास पातळीही घटते आणि गाडी उठताना थरथरते.