नऊ महिने वापरलेले बॅकअप सॉफ्टवेअर आणि एका अपडेटमध्ये गेलेला सुडो

आमच्या छापखान्यातील उबुंटू 22.04 (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर हे बॅकअप सॉफ्टवेअर नऊ महिन्यांपासून चालू आहे. पहिल्या सहा महिन्यांत तक्रारीला जागा नव्हती. रात्री फक्त बदललेल्या फाइलींच्या प्रती घेतल्या जात, आणि चुकून पुसलेली एका लग्नपत्रिकेची मांडणी मला गिऱ्हाईक समोर बसलेले असतानाच परत मिळाली होती.

सातव्या महिन्यातील अपडेटनंतर मात्र सुडो, म्हणजे साध्या वापरकर्त्याला रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने आज्ञा चालवू देणारा प्रोग्राम, चालेना. सुडोची फाइल युआयडी 0 च्या (म्हणजे रूटच्या) मालकीची हवी आणि तिच्यावर सेटयुआयडी बिट (कोणीही चालवली तरी फाइल मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) हवा, असा संदेश पडद्यावर आला. फाइलीचा तपशील काढून पाहिला, तेव्हा मालकाच्या रकान्यात रूटऐवजी या सॉफ्टवेअरने स्वतःसाठी तयार केलेल्या वापरकर्त्याचे नाव होते, आणि परवानग्यांमधील ‘एस’च्या जागी साधा ‘एक्स’ होता. अपडेटच्या स्क्रिप्टने स्वतःच्या फोल्डरची मालकी बदलण्याऐवजी सिस्टीमचे बहुतेक प्रोग्राम असलेल्या संपूर्ण यूएसआर फोल्डरचीच बदलली होती, आणि लिनक्समध्ये एक्झिक्युटेबल (चालवता येणाऱ्या) फाइलीचा मालक बदलला की तिच्यावरील सेटयुआयडी बिट आपोआप निघून जातो. एसयू आणि पीकेएक्झेक या रूटचे अधिकार मिळवून देणाऱ्या इतर प्रोग्रामांचीही तीच गत झालेली, त्यात उबुंटूमध्ये रूटचे खाते मुळातच कुलूपबंद असते. त्यामुळे लॉगिन व्यवस्थित होत होते, पण अधिकार म्हणून काही हातात उरला नव्हता.

शेवटी टेबलाखालच्या सर्व्हरला जुना मॉनिटर जोडला, रिकव्हरी मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या सुरुवातीत) रूट शेल, म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा देण्याची खिडकी, उघडले, डिस्क लिहिण्यायोग्य करून घेतली आणि सुडोची मालकी रूटकडे परत दिली. येथे एक चूक माझीही झाली: मी आधी 4755 परवानगी (यातील 4 म्हणजे सेटयुआयडी बिट) लावली आणि नंतर मालक बदलला, त्यामुळे बिट पुन्हा गेला. क्रम उलटा हवा होता. उरलेली पॅकेजेस पुन्हा बसवण्यात रात्र झाली.

असे प्रथमच घडले, असे नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये एनपीएमची (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाची) 5.7.0 आवृत्ती सुडोने चालवल्यावर सिस्टीमच्या फोल्डरांची मालकी बदलत असे; 5.7.1 मध्ये तातडीने दुरुस्ती आली. या बॅकअप सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या मदत कक्षाने मात्र ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकण्याचा सल्ला दिला, आणि तोही बॅकअप विकणाऱ्यांनी.

सॉफ्टवेअर मी काढलेले नाही, कारण प्रती घेण्याचे काम ते खरोखर चोख करते. पाचपैकी दोन गुण देतो, ते त्यासाठीच. आता प्रत्येक अपडेटपूर्वी गेटएफएसीएल ही आज्ञा वापरून यूएसआर आणि ईटीसी (सेटिंग्जचे फोल्डर) यांच्या मालकीची व परवानग्यांची यादी फाइलीत उतरवून ठेवतो. तिच्या जोडीच्या सेटएफएसीएल या आज्ञेचा रिस्टोअर पर्याय रूटने चालवला, तर त्या यादीवरून मालक आणि सेटयुआयडी बिट दोन्ही पूर्ववत होतात. शिवाय एका टर्मिनलमध्ये रूट शेल उघडे ठेवतो, आणि अपडेटनंतर दुसऱ्या टर्मिनलमध्ये सुडो चालल्याची खात्री झाल्याशिवाय ते बंद करत नाही.