वर्षभर मोडी, २४०० रुपये आणि एक वॉटरमार्क : ऑनलाइन इतिहास मंडळाचा अनुभव

परवा सकाळी बँकेचा मेसेज आला. खात्यातून २४०० रुपये वजा. बघतो तर मी गेल्या वर्षी ज्या ऑनलाइन इतिहास अभ्यास मंडळाचा सभासद झालो, त्याची पुढच्या वर्षाची वर्गणी परस्पर कापलेली. सूचना नाही, विचारणा नाही. एक तारा देऊन दोन ओळी खरडायला बसलो होतो, तर सौ. म्हणाली, "वर्षभर दर शनिवारी रात्री नऊला टीव्ही बंद करायला लावलासा, आणि आता एकच तारा?" म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मंडळाचं नाव देत नाही, कारण पैशांवरून त्यांच्याशी नुकताच पत्रव्यवहार झालाय. मोडीच्या, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीच्या, वाटेला गेलेले ओळखतील. दर शनिवारी रात्री मोडीचा ऑनलाइन वर्ग, सभासद आपल्याकडचे जुने कागद ॲपवर टाकतात, त्यांवर चर्चा होते, आणि रेकॉर्डिंगही असतं. मी करवीर तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. पुस्तकातलं शिकवून कंटाळलो होतो, म्हणून यात पडलो.

आधी वॉटरमार्क. बाकीचं नंतर.

आमच्या घरात पणजोबांच्या वेळचं कागदांचं एक गाठोडं आहे. २०१९ च्या पुरात पाणी उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा आईनं ते पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकलं, म्हणून राहिलं. त्यातली शेतसाऱ्याची एक पावती मी तिसऱ्याच आठवड्यात मंडळावर टाकली. मोडीतले आकडे बहुतेक देवनागरीसारखेच, त्यामुळे 'सन १३११' एवढं मलाही लागलं होतं. पुढचा शब्द लागेना. आणि नेमका त्याच शब्दावर ॲपनं आपला करडा, गोल वॉटरमार्क ठोकला. कागद माझ्या पणजोबांचा, फोटो माझ्या मोबाइलचा, आणि शिक्का यांचा!

सगळी गोम त्या एका शब्दात आहे, कारण जुन्या कागदांवर वेगवेगळ्या कालगणना असतात आणि आकड्यापुढच्या शब्दावरून कुठली ते कळतं. १३११ हिजरी धरलं तर ते १८९३-९४ येतं, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला (२ एप्रिल १८९४) त्या सुमाराची पावती. फसली धरलं तर ५९० मिळवायचे, म्हणजे १९०१-०२. सुहूर धरलं तर ५९९ मिळवून १९१०-११. चार दिवस लोक तावातावानं भांडले. एकानं तर कागद बनावट असल्याचा संशय घेतला. मी पाच मेल केले की मूळ फोटो शिक्क्याशिवाय दाखवा. उत्तर प्रत्येक वेळी तेच : 'साहित्याची चोरी रोखण्यासाठी ही सोय आहे.' शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भरलेल्या साऱ्याची पावती चोरून कुणाचं काय भलं होणार आहे?

शेवटी गडहिंग्लजकडचे एक निवृत्त तलाठी पुढं आले. वर्गात कधी तोंड न उघडणारे. म्हणाले, "सर, साऱ्याच्या पावतीला हिजरी कोण लावतंय? फसल म्हणजे पीक. फसलीच असणार. तरी शिक्का बाजूला पडंल असा फोटो काढा बघू." मग मी जुगाड केला. वॉटरमार्क नेहमी मधोमध पडतो. त्यामुळे कागद फरशीवर ठेवून असा फोटो काढायचा की कागद एका कोपऱ्यात येईल आणि मध्ये नुसती फरशी. शिक्का फरशीवर. शब्द निघाला फसलीच. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदाच्या फोटोत निम्मी शहाबादी फरशी असते, आणि बरेच सभासद मला फरशीवाले सर म्हणूनच ओळखतात.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा दोन तारे ठरले होते. पण खरं सांगायचं तर त्या तलाठीसाहेबांमुळे मला मोडी लागायला लागली. शनिवारचा वर्ग ठीक होता : आधी आडवी रेघ ओढा, मग अक्षरं तिला लटकवा, ऱ्हस्व-दीर्घ विसरा, शब्द तोडून लिहिलेले नसतात हे लक्षात ठेवा. हे कुठल्याही वर्गात शिकवतात. तलाठीसाहेब मात्र रात्री अकरालासुद्धा एखाद्या ओळीवर लाल खुणा करून पाठवायचे. फुकट.

मंडळाचा आणखी एक नियम आधी माझ्या डोक्यात गेला होता. साधन, म्हणजे माहिती कुठून घेतली ते, न देता लिहिलेलं उत्तर तिथं ठेवत नाहीत. वारणेच्या तहावर कुणीतरी विचारलं होतं. मी १३ एप्रिल १७३१ ही तारीख, साताऱ्याचे शाहू महाराज, कोल्हापूरचे संभाजी महाराज, वारणा नदीची हद्द सगळं बरोबर लिहिलं आणि साधन म्हणून दहावीचं गाईड दिलं. अर्ध्या तासात उत्तर गायब. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाचं उत्तर उडवतात म्हणून आठवडाभर फणफणलो. आता वाटतं, बरं झालं. इंग्रजीत रेडिटवर आस्कहिस्टोरियन्स हा इतिहासाच्या प्रश्नोत्तरांचा गट आहे, तिथली मंडळी याहून कडक. गेल्या वीस वर्षांतल्या घटनांवर प्रश्नसुद्धा चालत नाही. आपल्याकडं व्हॉट्सॲपवर सकाळी इतिहास तयार होऊन संध्याकाळी त्याची मिरवणूक निघते, तिथं असा एखादा दरबान हवाच.

शाळेत याचा फायदा झाला तो असा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा राखीव जागांचा हुकूम मी दरवर्षी एका वाक्यात उरकायचो : मागासलेल्या वर्गांना ५० टक्के. यंदा मंडळावरच्या चर्चेतून हुकमाचा मजकूरच घेऊन वर्गात वाचला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, महाराज तर तेव्हा इंग्लंडला होते ना?" होतेच, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. मग हुकूम निघाला कसा, कारभार कोण बघत होतं, यावर पूर्ण तास गेला. दुसऱ्यानं विचारलं, ५० टक्के होतात की नाही हे बघणार कोण? त्याचं उत्तर हुकमातच आहे : खातेप्रमुखांनी दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता पाठवायचा. पोरांनी लगेच शाळेच्या हजेरीपत्रकावर असा तक्ता करून दाखवला. अभ्यासक्रम मागं पडला, ते मुख्याध्यापकांना सांगू नका.

सर्चबद्दल जास्त लिहीत नाही. 'शाहू' टाकलं की साताऱ्याचे आणि कोल्हापूरचे एकाच यादीत, 'संभाजी' टाकलं की शिवरायांचे पुत्र आणि कोल्हापूरचे एकत्र. कोल्हापूरकराला रोज हा त्रास.

पैशांचं काय झालं? परतीचा अर्ज केला होता, काल मागे घेतला. मेहुणा निम्मे देतो म्हणालाय, एकाच लॉगिनवर दोघं बसू. (नियमात बसत नाही, मला माहीत आहे.) त्यांनी वर्गणीची पावती पाठवली, तीही उघडून बघितली. रकमेच्या बरोबर मधोमध तोच करडा गोल.

साडेतीन तारे. अर्धा तलाठीसाहेबांचा.