2 ऑक्टोबरला घेतलेला पाठ

माझ्याकडे बी.एड.चं एक जर्नल, म्हणजे सरावपाठांची नोंदवही, आहे. त्यात नववीच्या वर्गावर घेतलेला ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइसचा एक पाठ आहे. खाली लाल पेनाने इंग्रजीत शेरा आहे, फळ्यावरचं लेखन सुबक, वर्गावर ताबा चांगला, आणि शेजारी निरीक्षकाची सही. तारीख 2 ऑक्टोबर. त्या दिवशी देशभर शाळा बंद असतात. तो पाठ मी घेतलेलाच नाही. ज्या गावातल्या शाळेचा शिक्का त्यावर आहे तिथे मी आजवर गेलेलीसुद्धा नाही.

जून 2021 ची गोष्ट. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, कांजूरमार्गला एका क्लासमध्ये आठवी-नववीला शिकवत होते. मला माध्यमिक शाळेत इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं, आणि त्यासाठी बी.एड. हवंच. रीतसर वाट मला माहीत होती. राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा, इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजांसाठी ईएलसीटी हा इंग्रजीचा वेगळा पेपर, मग कॅप राउंड म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरी, मग दोन वर्षं रोज कॉलेज. वडील बेस्टमधून नुकतेच निवृत्त झाले होते आणि क्लासचा पगार सोडणं मला परवडत नव्हतं. नेमकी हीच अडचण ओळखणारा माणूस दादरला भेटला.

स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. भिंतीवर दीक्षान्त समारंभाचे फोटो. सगळे त्याला सर म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आई सोबत होती. तिला म्हणाला, “ताई, लेकीला नोकरी सोडायची गरज नाही. परराज्यातलं कॉलेज आहे, एनसीटीईची मान्यता आहे, हजेरी आम्ही बघतो. परीक्षेपुरतं जायचं. पाठांची जर्नल्ससुद्धा तयार मिळतील.” लॉकडाऊनमध्ये सगळंच मोबाइलवर चाललं होतं, त्यामुळे घरबसल्या बी.एड. ऐकून तेव्हा काही खटकलं नाही. एनसीटीई म्हणजे बी.एड. कॉलेजांना मान्यता देणारी केंद्राची परिषद. मी घरी येऊन तिच्या यादीत कॉलेजचं नाव शोधलं. नाव होतं. माझी शंका तिथेच मिटली, आणि मी फसले ती नेमकी तिथेच.

एकूण 1,20,000 रुपये दिले. आधी 30,000, मग दोनदा 45,000. शेवटच्या हप्त्यासाठी आईने भिशी उचलली. एकही रुपया कॉलेजच्या खात्यावर गेला नाही, सगळा त्याच्या खात्यावर. पावतीवर ‘करिअर मार्गदर्शन शुल्क’ लिहिलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, कॉलेजची पावती शेवटी एकदम येते. दहावी, बारावी आणि बी.ए.ची मूळ मार्कशीटं ‘व्हेरिफिकेशनला लागतात’ म्हणून ठेवून घेतली. ती त्याच दिवशी परत मागायला हवी होती.

परीक्षा म्हणून त्या राज्यातल्या एका तालुक्याच्या गावी नेलं. एका लॉजच्या हॉलमध्ये आम्ही वीस-बावीस जण पेपर लिहीत होतो, बहुतेक ठाणे-कल्याण-पनवेलकडचे. ऑगस्ट 2023 मध्ये मार्कशीट हातात आली. 78 टक्के.

ती घेऊन मी मुलुंडच्या एका शाळेत मुलाखतीला गेले. मुख्याध्यापिका बाईंनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, “इंटर्नशिप कुठल्या शाळेत केलीस? मेंटॉर टीचर कोण होत्या?” मी गप्प. मग त्यांनी जर्नल मागितलं आणि पानं उलटत त्या 2 ऑक्टोबरपाशी थांबल्या. चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “अगं, हे कुठेही दाखवू नकोस. पकडलं गेलं तर गुन्हा तुझ्यावर दाखल होईल. आधी विद्यापीठाला पत्र पाठव.” त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला नुसतं परत पाठवलं असतं तर मी ती मार्कशीट घेऊन पुढच्या शाळेत गेले असते.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला मार्कशीटची प्रत आणि नोंदणी क्रमांक पाठवला. उत्तर तीन ओळींचं आलं. या क्रमांकाचा कोणीही विद्यार्थी त्यांच्याकडे नोंदलेला नव्हता. कॉलेज खरं, त्याची मान्यता खरी, पण त्या कॉलेजात मी कधी नव्हतेच. दादरला गेले तर त्या दारावर टूर्सवाल्याची पाटी.

म्हणून कळकळीने सांगते, कॉलेजचं नाव यादीत दिसलं की थांबू नका. पहिल्या सत्रातच स्वतःचा नोंदणी क्रमांक विद्यापीठाकडून लेखी पडताळून घ्या. मान्यतेचं म्हणाल तर, मान्यता नसलेल्या संस्थेचं बी.एड. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या नोकरीसाठी ग्राह्य धरलं जात नाही, हे एनसीटीईच्या 1993 च्या कायद्यातच आहे. आणि ‘हजेरी लागणार नाही’ हे वाक्य कानावर पडलं की तिथून उठा. 2014 च्या नियमांनुसार हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, वर्षाला किमान 200 कामाचे दिवस, 80 टक्के हजेरी, आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के. ती इंटर्नशिप एकूण 20 आठवडे असते. शिकवण्याचा अनुभव असला तरी ती चुकत नाही. मला वाटायचं, क्लासमध्ये चार वर्षं शिकवलंय, पाठबिठ कशाला. त्या माणसाने माझ्या याच समजुतीचे पैसे घेतले.

मी 2024 ला सीईटी आणि ईएलसीटी दिली, कॅपमधून प्रवेश मिळाला. आता दुसरं वर्ष, परळच्या एका शाळेत इंटर्नशिप चालू आहे. सूक्ष्म अध्यापनात एका वेळी एकच कौशल्य सहा मिनिटांत दाखवायचं असतं. पहिल्यांदा प्रश्न विचारण्याचं कौशल्य घेतलं तेव्हा कळलं की क्लासमध्ये मी प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देत होते. मागच्या महिन्यात आठवीला पॅसिव्ह व्हॉइस घेतला. सूत्र फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवलं, पण ‘चहा कोणी सांडला?’ आणि ‘चहा सांडला गेला’ यात आपण काय लपवतो, हे विचारल्यावर कुठे वर्ग जागा झाला. मॅडमनी वहीत लिहिलं: ‘सूत्र आधी दिलेत. उदाहरण आधी यायला हवे होते. मागच्या दोन बाकांकडे एकदाही पाहिले नाही.’ हा शेरा मला विकत कुठे मिळणार होता?

पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे परत आलेले नाहीत. दहावी-बारावीच्या दुय्यम गुणपत्रिकांसाठी वाशीच्या बोर्डात आणि बी.ए.साठी कलिन्याला मुंबई विद्यापीठात खेटे घातले, त्यात दोन महिने गेले. त्या लॉजच्या हॉलमध्ये माझ्यासोबत पेपर लिहिणाऱ्यांपैकी फक्त तिघांशी संपर्क झाला. एक जण तीच मार्कशीट लावून नोकरी करतोय आणि घाबरून फोन उचलत नाही. बाकीच्यांपैकी कोणी हे वाचत असाल तर पावत्या, बँकेचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचे मेसेज काही पुसू नका. ती मार्कशीट कुठे दाखवू नका, फाडूही नका, तोच पुरावा आहे. आपल्या तक्रारी एकत्र गेल्या तर तपासाला जोर येईल.